गोठ्याची किल्ली

‘काही नाही गं ताई, सहज केला फोन,’ असं काल रात्री म्हणालीस, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी खुपतंय. रात्री साडेदहाला, त्यात या थंडीत, तू सहज फोन करणाऱ्यातली नाहीस. मग एकेक निघत गेलं. तुमच्या शेती-औषधांच्या कंपनीत नवी फोन-यंत्रणा बसली. रात्री शेतकरी जे बोलून ठेवतात, त्या व्हॉइसमेलचा रोज सकाळी रिपोर्ट निघायला हवा. त्यासाठी सर्व्हिस अकाउंट काढायचं काम तुझ्याकडे आलं, आणि यंत्रणा बसवून देणारा माणूस म्हणतोय, ‘मॅडम, सगळ्या परमिशन देऊन टाका, नंतर अडायला नको.’ साहेबही म्हणाले, देऊन टाक. तुझं मन नको म्हणतंय, पण का नको ते चारचौघांत धड सांगता येईना, म्हणून तू गप्प बसलीस.

बाळा, तुझं मन बरोबर सांगतंय. फोनवर मला नीट बोलता आलं नाही, आई शेजारीच झोपली होती. म्हणून आज सकाळचं आवरून निवांत लिहायला बसले.

येवल्याला मामांकडच्या लग्नाला आपण चार दिवस गेलो होतो, आठवतं? आईने शेजारच्या काकूंना गोठ्याची किल्ली दिली होती. गाईला चारा घालायचा, पाणी दाखवायचं, धार काढायची. घराची किल्ली मात्र कनवटीला लावून आई गाडीत बसली. तू तेव्हा चौथीत होतीस. भर गाडीत विचारलंस, ‘काकूंवर आपला विश्वास नाही का?’ आई म्हणाली, ‘विश्वास आहे म्हणून तर गाय तिच्या हवाली केली. पण घराची किल्ली दिली आणि उद्या घरातलं काही इकडचं तिकडे झालं, तर लोक पहिलं नाव तिचं घेतील. तिच्या डोक्याला कशाला घोर लावायचा?’

मी या कामात आता बारा वर्षं आहे. परमिशन या विषयावर मोठमोठी पुस्तकं वाचली, परीक्षा दिल्या. आईच्या त्या उत्तरापुढचं फारसं काही त्यांत सापडलं नाही. कमी परमिशन देणं म्हणजे अविश्वास, हा गैरसमज आधी मनातून काढून टाक. कामापुरती किल्ली देण्यात ज्याच्या हातात ती जाते त्याचंही रक्षण असतं. उद्या त्या व्हॉइसमेलमधून काही बाहेर गेलं, तर तुझा रिपोर्टचा प्रोग्रॅम, तो लिहिणारी तू आणि तो चालवणारा तुझा सहकारी, कोणावरच संशय येणार नाही, कारण तिथपर्यंत जायची वाटच त्यांच्याकडे नव्हती. हे तत्त्व १९७५ साली जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या दोघांनी एका लेखात मांडलं: प्रत्येक प्रोग्रॅमला आणि प्रत्येक माणसाला कामापुरतेच अधिकार असावेत. पन्नास वर्षं झाली, आणि अजूनही ‘सगळं देऊन टाका’ म्हणणारे भेटतात.

सर्व्हिस अकाउंट हे माणसाचं खातं नसतं, कामाचं असतं. त्याला झोप नाही, सुट्टी नाही आणि शंका तर मुळीच नाही. माणूस चुकून दुसऱ्याच्या खोलीत शिरला तर दारातच थबकतो, ‘अगंबाई’ म्हणून मागे फिरतो. प्रोग्रॅम थबकत नाही. दार उघडं असेल तर तो आत जातो, आणि त्याला जे सांगितलं असेल ते करतो, सांगणारा कोणीही असो. म्हणून माणसाला चार किल्ल्या जास्त गेल्या तर एकवेळ निभेल, अशा खात्याला मात्र एकही जास्तीची देऊ नये.

आता त्या व्हॉइसमेलमध्ये असतं काय, ते बघ. सॉफ्टवेअरवाल्याला ते कळणार नाही, तुला कळेल. आपल्या निफाडची थंडी तुला काय सांगायची. पारा पाच अंशांच्या खाली गेला की रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबक सुरू करून पाणी दिलं जातं, जमिनीत थोडी ऊब राहावी म्हणून. मण्यांत पाणी उतरलेलं असतं आणि थंडीने मणी तडकायची भीती असते. अशा वेळी तीन वाजता बांधावर उभा राहून माणूस तुमच्या नंबरवर फोन लावतो. ऑफिस बंद, म्हणून तो बोलून ठेवतो. मागे मोटारीची घरघर, लांबवर कुत्री, दाताला दात लागताहेत. आधी औषधाचं विचारतो. मग जरा थांबून म्हणतो, मागच्या हंगामातल्या व्यापाऱ्याचा चेक अजून वटला नाही, सोसायटीचं थकलंय, पुढची फवारणी उधारीवर मिळेल का. नाव सांगतो, गाव सांगतो, गट नंबर सांगतो. कधी बाई बोलते, आणि सुरुवातच अशी करते की ‘आमच्या घरी सांगू नका.’

हे त्याने तुमच्या कंपनीला सांगितलंय. कंपनीतल्या सगळ्यांना नाही, आणि यंत्रणा बसवणाऱ्याच्या माणसांना तर नाहीच. शिवाय नंबर बदलता येतो, नाव झाकता येतं, आवाजाला पदर घेता येत नाही. आपल्या गावांत तर आवाजावरून माणूसच नव्हे, त्याची वस्तीसुद्धा सांगतात. केंद्र सरकारचं किसान कॉल सेंटर २१ जानेवारी २००४ ला सुरू झालं, त्याचा नंबर १८००-१८०-१५५१. त्यातही लाइन व्यस्त असेल किंवा सेंटर बंद असेल तर शेतकऱ्याने बोलून ठेवावं आणि त्याला उलट फोन जावा, अशी सोय नंतर आली. चांगलीच सोय आहे. पण बोलून ठेवलेला प्रत्येक शब्द कुठल्यातरी डिस्कवर फाइल होऊन पडतो, आणि त्या फाइलला कोण हात लावू शकतं हे तुझ्या-माझ्यासारखी एखादी बाई ठरवते.

एक गोष्ट तुला मी कधी सांगितली नव्हती. पुण्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीतली. कंपनीचं नाव राहू दे. तिथेही शेतकऱ्यांसाठी फोन-लाइन होती आणि माझ्याकडेही हेच रिपोर्टचं काम आलं होतं. प्रोग्रॅम चालेना, ‘परमिशन डिनाइड’ येत राहिलं, संध्याकाळचे साडेसात वाजलेले. शेजारचा म्हणाला, परमिशन ७७७ कर आणि घरी जा. मी केलं. रिपोर्ट निघाला, सगळे खूश, मी विसरून गेले. सहा-सात महिन्यांनी एका शिकाऊ मुलाने दुसऱ्याच कामासाठी माझा प्रोग्रॅम उचलला. रिपोर्टच्या खात्याचा पासवर्ड मी त्यातच लिहून ठेवला होता. त्या खात्याने त्याला सगळे आवाज ऐकू आले. एका बाईचा मेसेज होता, नवऱ्याने कर्जापायी घरात काय चालवलंय ते ती रडत सांगत होती. तिने औषधाच्या चौकशीचा नंबर लावला होता, पण रात्री तिला दुसरं कोण होतं? तो मेसेज जेवणाच्या सुट्टीत वाजवला गेला. मग कोणाच्या तरी ग्रुपवर गेला. आठवड्याभरात तिच्या गावात पोचला.

तिचा फोन मीच घेतला. ओरडली नाही. ‘ताई, मी तुमच्याकडेच बोलले होते,’ एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. त्या मुलाने चूक केलीच, त्याला जावं लागलं. पण ते दार मी उघडं ठेवलं होतं, घरी जायची घाई होती म्हणून. माझ्यावर कारवाई झाली नाही, याचं मला आजही बरं वाटत नाही. तुला मी हे सगळं इतक्या कळकळीने का सांगतेय ते आता समजलं असेल.

तर तुझ्या कामाकडे येते. तुमच्याकडे ॲस्टेरिस्क हे फोनचं सॉफ्टवेअर आहे म्हणालीस. छान आहे, १९९९ साली मार्क स्पेन्सरने लिहायला घेतलेलं, फुकट मिळणारं आणि आत डोकावून बघता येणारं. त्यात मेसेज कुठे पडतात ते आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघ. व्हार, त्यात स्पूल, त्यात ॲस्टेरिस्क, त्यात व्हॉइसमेल, मग डीफॉल्ट, मग १००१ सारखा मेलबॉक्सचा नंबर आणि त्यात इनबॉक्स. तिथे प्रत्येक मेसेजची एक जोडी दिसेल. एक आवाजाची फाइल आणि त्याच नावाची एक छोटी मजकुराची फाइल. ती मजकुराची फाइल उघडून बघ. कोणत्या नंबरवरून फोन आला, कधी आला, किती सेकंद बोलणं झालं, कोणत्या मेलबॉक्सला ठेवलं. साधारण एवढंच असतं. मी तिला चिठ्ठी म्हणते.

आता साहेबांना रोज सकाळी हवंय काय, ते आठव. रात्री किती फोन आले, कुठून आले, केवढ्या वेळाचे होते आणि कोणते अजून कोणी ऐकले नाहीत. पहिली तिन्ही उत्तरं चिठ्ठीत आहेत. चौथंही सोपं आहे: ऐकलेला मेसेज ‘ओल्ड’ फोल्डरमध्ये जातो, न ऐकलेला इनबॉक्समध्येच राहतो. म्हणजे अख्ख्या रिपोर्टसाठी आवाजाची फाइल एकदाही उघडावी लागत नाही! काल तू विचारलंस ना, ‘पण का नको, हे सांगू काय?’ हेच सांग. या कामाला आवाज लागतच नाही.

अडचण अशी की आवाज आणि चिठ्ठी एकाच फोल्डरमध्ये, साधारण एकाच परमिशननी जन्माला येतात. चिठ्ठी वाचायला म्हणून खात्याला तिथे सोडलं की आवाजही त्याच्या हाती लागतो. म्हणून त्याला तिथे सोडूच नकोस. विहिरीत उतरायचं नाही, भरून ठेवलेल्या हंड्यातून घ्यायचं. ॲस्टेरिस्क स्वतः ज्या नावाने चालतं, त्याच नावाने दर पाच-दहा मिनिटांनी चालणारा एक लहानसा प्रोग्रॅम लिही. तो फक्त चिठ्ठ्या वाचेल आणि लागतील तेवढ्याच चार-पाच गोष्टी एका वेगळ्या फोल्डरमध्ये लिहून ठेवेल. रिपोर्टच्या खात्याला तेवढंच फोल्डर, तेही वाचण्यापुरतं. मूळ व्हॉइसमेलच्या फोल्डरचं तोंडसुद्धा त्याने बघायचं नाही. तुमचे मेसेज फायलींऐवजी डेटाबेसमध्ये साठत असतील तर रस्ता आणखी सोपा. आवाजाचा रकाना वगळून एक व्ह्यू तयार कर आणि खात्याला त्या व्ह्यूवर फक्त सिलेक्टचा अधिकार दे. मूळ टेबलवर काहीही नको.

आता ते ७७७. तीन आकडे तिघांसाठी असतात. पहिला मालकाचा, दुसरा त्याच्या ग्रुपचा, तिसरा उरलेल्या सगळ्या जगाचा. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा किंवा फोल्डर असेल तर आत शिरायचा १. सगळं मिळून ७. म्हणजे ७७७ म्हणताना आपण त्या मशीनवरच्या प्रत्येक खात्याला ‘ये, वाच, बदल, पुसून टाक’ असं म्हणत असतो. तुझ्या त्या वेगळ्या फोल्डरला ७५० पुरे आणि आतल्या फायलींना ६४०. मालक ॲस्टेरिस्क, ग्रुपमध्ये तुझं रिपोर्टचं खातं एकटं, आणि जगाला शून्य.

यात एक गोष्ट भल्याभल्यांना ठाऊक नसते. फाइल पुसता येईल की नाही, हे फाइलच्या परमिशनवर ठरत नाही, फोल्डरच्या परमिशनवर ठरतं. फाइल वाचण्यापुरतीच असली, तरी ज्या फोल्डरमध्ये ती आहे तिथे लिहायचा अधिकार असेल तर ती खुशाल उडवता येते. म्हणून ‘फायली तर रीड-ओन्ली आहेत’ असं कोणी म्हणालं की फोल्डर तपासायचं. पुसला गेलेला आवाज परत आणता येत नाही. शेतकरी सकाळी म्हणेल, मी तीन वाजता सांगितलं होतं, आणि तुमच्याकडे त्याचं काहीच नसेल.

आणि ॲस्टेरिस्कच्या सेटिंगचं जे फोल्डर आहे, त्याच्या आसपासही रिपोर्टचं खातं फिरकू देऊ नकोस. व्हॉइसमेलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये प्रत्येक मेलबॉक्सचा पिन उघडा लिहिलेला असू शकतो. तो दिसला की परमिशन बिरमिशन काही उरत नाही, साधा फोन लावून कोणीही मेसेज ऐकेल. इंग्लंडात हेच झालं होतं. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ नावाचं १६८ वर्षं जुनं साप्ताहिक, तिथल्या माणसांनी लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकले. कित्येकांनी कंपनीने दिलेला पिन बदललेलाच नव्हता, काही वेळा फोन कंपनीलाच थापा मारून पिन बदलून घेतले. राजघराण्यातल्यांचे ऐकले, नटनट्यांचे ऐकले. २०११ च्या जुलैत उघड झालं की २००२ मध्ये बेपत्ता झालेल्या आणि खून झालेल्या १३ वर्षांच्या मिली डाउलरचा व्हॉइसमेलही त्यांनी ऐकला होता. तिचे आईवडील तेव्हा तिची वाट बघत होते. लोक इतके खवळले की १० जुलै २०११ चा अंक काढून ते साप्ताहिक कायमचं बंद झालं. तुमच्याकडच्या सगळ्या मेलबॉक्सचे पिन एकसारखे किंवा मेलबॉक्सच्या नंबरासारखेच असतील, तर उद्या सकाळी पहिलं काम ते.

साहेबांना एखादं मोठं उदाहरण हवं असेल तर कॅपिटल वन सांग. अमेरिकेतली मोठी बँक, २०१९. तिथली एक संरक्षक यंत्रणा चुकीची बसवलेली होती, पण एवढं मोठं नुकसान केवळ त्यामुळे झालं नाही. त्या यंत्रणेच्या सर्व्हिस खात्याला तिच्या कामापेक्षा फार जास्त अधिकार होते, साठवणीतल्या फायलींची यादी बघायचे आणि त्या उचलायचेही. बाहेरच्या बाईने त्या खात्याच्या नावाने सुमारे १० कोटी अमेरिकी आणि ६० लाख कॅनडियन लोकांची माहिती नेली. पुढे बँकेला ८ कोटी डॉलर दंड झाला. राखणदाराला कोठाराची किल्ली दिली होती, तीच चोराच्या हाती लागली.

उद्या तुमची कंपनी व्हॉइसमेल ईमेलमध्ये टाकायला लागली, तर तिथेही हेच लक्षात ठेव. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजमध्ये एक अधिकार असायचा, ज्याने एकच खातं कोणाच्याही मेलबॉक्समध्ये त्याच्या नावाने वावरू शके. व्हॉइसमेलच्या यंत्रणा जोडताना लोक तो सरसकट देत. क्लाउडमध्ये तो अधिकार मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये काढून टाकला. आता कोणत्या ॲपला नेमके कोणते मेलबॉक्स, हे आखून देता येतं. आखून घ्यायचं, ‘ऑल’वर बोट ठेवायचं नाही.

राहिला प्रश्न सांगायचा कसा. हे तुला जास्त अवघड जातंय, माहीत आहे मला. नवीन आहेस, मुलगी आहेस, समोरचा वीस वर्षं फोनच्या तारा ओढतोय. वाद घालू नकोस. त्याला शांतपणे विचार: ‘कोणती परमिशन, कोणत्या कामासाठी, किती दिवस? ईमेलवर लिहून द्या, लगेच देते.’ बहुतेक वेळा लिहायला बसलं की ‘सगळ्या’च्या दोन-तीनच उरतात. ‘सध्या चालू तर होऊ दे, मग काढू’ असं म्हणाला तर तारीख विचार आणि त्या तारखेला ते खातं आपोआप बंद होईल असं लावून ठेव. तात्पुरती दिलेली परमिशन कोणी काढलेली मी अजून पाहिली नाही.

साहेबांशी मात्र कायद्याच्या भाषेत बोल, ते ऐकतात. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ साली झाला. माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर त्यात २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे माहिती बाहेर गेल्याचा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवायचं असतं आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. खात्याचे हात आखडलेले असतील, तर त्या ६ तासांत काय गेलं आणि काय गेलं नाही हे तुला सांगता येईल. सगळं उघडं असेल तर सांगणार काय?

बारीकसारीक तुला येतंच, तरी सांगते. या कामाचं खातं याच कामाला, दुसऱ्या रिपोर्टला तेच वापरायचं नाही. त्याला लॉगिनची सोय ठेवू नकोस, पासवर्ड प्रोग्रॅममध्ये लिहू नकोस (माझं ऐकलंस ना वर). खातं कोणाच्या जबाबदारीवर आहे ते नाव नोंदवून ठेव. आणि रिपोर्ट पाच-सहा जणांना जाणार असेल तर त्यात शेतकऱ्याचा पूर्ण नंबर कशाला? शेवटचे चार आकडे पुरेत, पूर्ण नंबर उलट फोन करणाऱ्या मुलीकडे असू दे.

सगळं झालं की उलटी परीक्षा घे. चालतंय का हे सगळेच बघतात. तू, जे चालायला नको ते अडतंय का, ते बघ. रिपोर्टच्या खात्याचं नाव धारण करून १००१ च्या इनबॉक्समधला आवाज उघडायचा प्रयत्न कर. एखादी चिठ्ठी पुसून बघ, अर्थात आधी आपल्याच फोनवरून ठेवलेल्या खोट्या मेसेजवर. सेटिंगची फाइल वाचून बघ. तिन्ही ठिकाणी ‘परमिशन डिनाइड’ यायला हवं. याच दोन शब्दांनी त्या संध्याकाळी मला रडकुंडीला आणलं होतं, आणि मी ते घालवून टाकले होते.

आज रात्री करून बघ, रिकाम्या ऑफिसात शांतपणे. तिन्ही नकार आले की मला फोन कर. बारा वाजले असले तरी चालेल, मी उचलते.